थंडीत डिझेल इंजिन एकदा पेटतं आणि लगेच विझतं, असं का होतं?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रोज सकाळी गाडीशी झटापट चालू आहे म्हणून शेवटी धागा काढतोय. जुनी डिझेल गाडी, चार सिलिंडर, टर्बो नाही, प्री-चेंबरवालं इंजिन (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं ते) आणि डिझेल पाठवायला रोटरी पंप, म्हणजे नव्या गाड्यांतली कॉमन रेल इंधनपद्धत वगैरे काही नाही. सकाळी ६-७ डिग्री असतं. चावी ऑन केली की डॅशवर पिवळं वेटोळं, म्हणजे ग्लो प्लग तापतायत हे सांगणारा दिवा लागतो, ते विझेपर्यंत थांबतो आणि मग स्टार्टर मारतो. चार-पाच सेकंदांत इंजिन पकडतं, पण पकडतं म्हणजे एखाद-दोन सिलिंडरच, भक् भक् भक् करत, अख्खी गाडी हलते, मागून पांढराफेक धूर, डोळ्यांना झोंबणारा, आणि सहा-सात सेकंदांत बंद. दुसऱ्यांदा तसंच पण जरा जास्त टिकतं. तिसऱ्यांदा लागतं आणि मग दिवसभर चावीला हात लावला की चालू.

काय काय केलंय ते सांगतो. बॅटरी दोन महिन्यांची. ग्लो प्लग चारही नवीन, मीटर लावून बघितले, सगळे ०.६-०.७ ओहम. फिल्टर नवीन. चावीचा स्विच मागच्या पावसाळ्यात बदलला होता पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. इंजिनानं पकडल्यावर चावी सोडली की ते पिवळं वेटोळं परत लागतं, ते आफ्टरग्लो (स्टार्ट झाल्यावरही प्लग थोडा वेळ चालू राहणं) असेल म्हणून सोडून दिलं.

आणि मला नुसती दुरुस्ती नकोय, समजून पण घ्यायचंय. एकदा पेट घेतलेलं इंजिन विझतंच कसं? आत आग लागली म्हणजे गरम झालं ना?

रानवाटा
वाचतोय. माझ्याकडेही हीच रड आहे, फक्त माझी चौथ्यांदा लागते.

स्पॅनर१७
एअर धरतीय, दुसरं काही नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की कुठल्यातरी सांध्यातून हवा ओढते आणि पाइपातलं डिझेल टाकीत परत जातं. सकाळी पंपात जेवढं उरलंय तेवढ्यावर पेटतं, ते संपलं की बंद, मग परत ओढून घेईपर्यंत मरामर. फिल्टर नवीन टाकला म्हणालात ना, तिथलाच वॉशर बघा. फिल्टर ते पंप यांच्यामध्ये एक पारदर्शक पाइपचा तुकडा टाका, बुडबुडे दिसले की केस बंद. आणि सकाळी स्टार्टर मारायच्या आधी हँड पंप दहा-बारा वेळा दाबून बघा.

नाना_फिटर
स्पॅनर, एअर असती तर धूर आला नसता बाबा. हवा धरलेलं इंजिन कोरडं फिरतं, मागे काही येत नाही. यांच्याकडे पांढरा धूर येतोय, तोही डोळ्यांना झोंबणारा. म्हणजे डिझेल आत पडतंय, पंप आणि नोझल त्यांचं काम करतायत, फक्त ते पेटत नाही आणि तसंच वाफेसारखं बाहेर पडतंय. आपल्याला शिकवलेलं सोपं आहे, काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि वासाचा म्हणजे कच्चं डिझेल, पांढरा आणि बिनवासाचा म्हणजे पाण्याची वाफ. पाणी खूप वेळ येत राहिलं तर हेड गॅस्केट बघायचं. तुमचा रोग उष्णतेचा आहे, इंधनाचा नाही.

स्पॅनर१७
नाना, धुराचा मुद्दा मान्य. पण अर्धवट एअर असली तर दोन्ही होऊ शकतं. पाइप लावून बघायला काय जातंय?

कुतूहल
अगदी बेसिक प्रश्न विचारते, रागावू नका. डिझेलला स्पार्क नसतो हे माहीत आहे. मग हा ग्लो प्लग म्हणजे स्पार्क प्लगसारखंच काही आहे का? आणि तो फक्त सकाळीच का लागतो?

मीनल_क
कुतूहल, रागावण्यासारखं काहीच नाही, धाग्यातला मुख्य प्रश्नच तो आहे.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, डिझेल इंजिन चालतं ते त्याच गोष्टीवर. हवा जोरात दाबली की तापते. पेट्रोल इंजिन मिश्रण साधारण दहा-बारा पट दाबतं आणि ठिणगी देतं, डिझेल नुसती हवा पंधरा ते बावीस पट दाबतं आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये जे इंजिन दाखवलं ते यामुळेच गाजलं, त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातली १० टक्क्यांच्या आसपास उष्णता कामी लावायची आणि ह्यानं २६ टक्के लावली. पण ज्या दाबामुळे ही कार्यक्षमता मिळते त्याच दाबावर पेट घेणंही अवलंबून आहे, त्यामुळे हवा पुरेशी तापली नाही तर दुसरा आधार नाही.

आता ढोबळ गणित करू. पहाटवारा यांचं इंजिन प्री-चेंबरवालं आहे म्हणजे दाब साधारण २२ पट धरू. सकाळची ७ डिग्रीची हवा आत घेतली आणि दाबताना उष्णता फार कुठे गेली नाही असं मानलं तर शेवटी ती साधारण ५५० डिग्रीला पोचते, डिझेल आरामात पेटेल. पण सकाळी तसं होत नाही. स्टार्टर इंजिन फिरवतो मिनिटाला २०० फेऱ्यांनी, म्हणजे हवेला गार भिंतींना चिकटून बसायला भरपूर वेळ, शिवाय पिस्टनच्या गार रिंगांच्या फटीतून थोडी हवा खाली पळते. हे धरून तोच हिशोब केला तर ३३०-३५० डिग्रीपर्यंतच पोचतो. डिझेल उघड्यावर २१०-२५० डिग्रीला आपोआप पेटतं म्हणतात ते खरं, पण ते त्याला निवांत वेळ दिला तर. इंजिनात त्याला काही मिलिसेकंदच मिळतात.

अजून एक, बाहेरची हवा एक डिग्रीनं गार झाली की आतला शेवटचा आकडा दोन ते तीन डिग्रीनं उतरतो. म्हणून १५ डिग्रीला निमूट लागणारी गाडी ६ डिग्रीला रडते.

ग्लो प्लग ठिणगी देत नाही, ती एक लालबुंद सळई असते. जुन्या पद्धतीचा धातूचा प्लग ८५० ते १००० डिग्रीला जातो, सिरॅमिकचा १३०० पर्यंत. फवाऱ्याची कड तिला घासून जाते, तिथे पहिली ज्योत धरते आणि मग बाकीच्यात पसरते. एकदा भिंती तापल्या की त्याची गरज संपते. प्री-चेंबरला पृष्ठभाग जास्त आणि हवेला त्या अरुंद गळ्यातून जावं लागतं त्यामुळे उष्णता जास्त खाल्ली जाते, म्हणून या इंजिनांना साध्या थंडीतही प्लग लागतोच. डायरेक्ट इंजेक्शनवाली, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी बरीच इंजिनं शून्याच्या आसपासपर्यंत प्लगशिवाय निघतात.

कुतूहल
आता लख्ख कळलं. सायकलच्या पंपाचं उदाहरण तर आवडलंच.

अक्षांश
मी जनरेटरवर काम करतो. आमच्या मोठ्या इंजिनांना ग्लो प्लग नसतो, हवा आत घ्यायच्या तोंडाशी जाळीचा हीटर असतो, सगळीच हवा तापवून घ्यायची. शिवाय ब्लॉक हीटर, म्हणजे पाणी कायम ४० डिग्रीच्या आसपास ठेवायचं, कारण वीज गेल्यावर दहा सेकंदांत लोड घ्यायचा असतो, तिथे भकभक चालत नाही.

एक कळकळीनं सांगतो, इंजिन लवकर पेटावं म्हणून कुणी ईथरचा स्प्रे सुचवला तर ऐकू नका. आमच्याकडे एका नवीन मुलानं हीटर चालू असताना फवारला. ईथर १६०-१८० डिग्रीलाच पेटतं, त्यानं पिस्टन वर यायची वाट बघितलीच नाही. आधी इनलेटच्या पाइपात भडका, आणि जे आत गेलं ते पिस्टन अर्ध्यात असतानाच फुटलं. तो आवाज मी विसरणार नाही, घणानं ऐरण फोडावी तसा. हेड उघडलं तर दोन पिस्टनच्या रिंगांमधला कडा तुकडे होऊन पडला होता. मुलाच्या भुवया गेल्या, बाकी वाचला.

गोगलगाय
अक्षांश, बाप रे. पोरगा वाचला हे महत्त्वाचं.

रानवाटा
मग डिझेलमध्ये थोडं रॉकेल टाकलं तर? आमच्याकडे सगळे टाकायचे थंडीत. पातळ होतं, लवकर पेटतं.

मीनल_क
रानवाटा, लवकर पेटत नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. रॉकेल घातल्यानं डिझेल गोठत नाही हे बरोबर, पण पेटण्याची घाई ज्यानं मोजतात तो सिटेन आकडा त्यानं वाढत नाही, बहुतेक वेळा थोडा उतरतोच.

यातली गंमत बघण्यासारखी आहे. डिझेलमधल्या सरळ लांब साखळीच्या रेणूंना पेट घ्यायची सगळ्यात घाई असते. त्यांचा मेरुमणी म्हणजे हेक्झाडेकेन, त्यालाच सिटेन म्हणतात आणि त्याला १०० गुण दिलेत. आणि हाच सिटेन शुद्ध स्वरूपात १८ डिग्रीला गोठतो! म्हणजे जे रेणू पेटायला सगळ्यात उत्सुक तेच थंडीत आधी मेण होऊन फिल्टर बुजवतात. रिफायनरीवाल्यांची कायमची ओढाताण आहे ही. म्हणून थंडीच्या डिझेलमध्ये मेण कमी ठेवतात आणि सिटेनची तूट भरायला २-एथिलहेक्झिल नायट्रेटसारखं द्रव्य अगदी थोडं घालतात. युरोपच्या मानकात सिटेन किमान ५१ आहे, अमेरिकेत किमान ४०.

नाना_फिटर
आणि रॉकेलला वंगण नसतं. रोटरी पंपाचं सगळं वंगण डिझेलच करतं, वेगळं ऑइल नसतं त्याला. रॉकेल पाजून पंप घासलेले मी पोत्यानं बघितलेत. कॉमन रेलचा पंप असेल तर विचारूच नका, घासलेला चुरा इंजेक्टरपर्यंत जातो.

रानवाटा
बरं, रॉकेल रद्द. धन्यवाद दोघांना.

स्पॅनर१७
ऑइल कुठलं आहे पहाटवारा? २०डब्ल्यू-५० असेल तर आधी ते बदला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यात इंजिन किती सहज फिरतं ते सांगतो, जितका लहान तितकं सोपं. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० ला घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला. स्टार्टर हळू फिरला की मीनलताई म्हणतायत तसं भिंतींना उष्णता खायला अजून वेळ. आणि ऑइल जड असलं की बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं, त्याच व्होल्टेजवर ग्लो प्लग पण चालतो. बाराचं नऊ झालं तर प्लगची उष्णता निम्म्याच्या जरा वर राहते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं पडते.

पहाटवारा
ऑइल १५डब्ल्यू-४० आहे. स्टार्टर जोरात फिरतो, क्रँक करताना, म्हणजे स्टार्टर फिरत असताना, बॅटरीवर १०.४ व्होल्ट दिसले. पारदर्शक पाइप लावून बघितला, एकही बुडबुडा नाही. स्पॅनर, तुमची एअर बाद.

पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे हो. पेटल्यावर विझतं का?

स्पॅनर१७
मान्य, एअर बाद. पाइप लावलात हे उत्तम केलंत.

मीनल_क
पहाटवारा, त्याकडेच येत होते. हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा आहे म्हणून जरा लांबेल.

फवारा सोडला की लगेच पेट घेत नाही. आधी थेंब फुटतात, तापतात, वाफ होते, ती हवेत मिसळते, मग रासायनिक साखळी सुरू होते, आणि मग ज्योत. या सगळ्याला लागणारा वेळ म्हणजे इग्निशन डिले. गरम इंजिनात तो एक मिलिसेकंद किंवा कमी. गार इंजिनात तोच चार-पाच किंवा त्याहून जास्त होतो.

स्टार्टर २०० फेऱ्यांनी फिरवतोय तेव्हा चार मिलिसेकंदांत इंजिनाचा दांडा (क्रँकशाफ्ट) फिरतो जेमतेम पाच अंश. पिस्टन वरच्या टोकाच्या आसपासच आहे, हवा अजून दाबलेली आहे, डिझेलला वेळ मिळतो आणि ते पेटतं. पहिला दणका बसला की इंजिन उसळी मारून ८०० वर जातं. आता तेच चार मिलिसेकंद म्हणजे एकोणीस अंश! डिझेल पेटायच्या तयारीत येईपर्यंत पिस्टन खाली निघालेला, हवा पसरली, गार झाली, संधी गेली. तो फवारा न पेटता पांढरा धूर होऊन बाहेर. इंजिन मंदावतं, मग परत वेळ मिळतो, त्यात मागच्या फेरीचं भिंतींवर साचलेलं डिझेल पण असतं, म्हणून पुढचा दणका जास्तच मोठा. परत उसळी, परत चुकामूक. चार स्ट्रोकचं इंजिन आठ किंवा बारा स्ट्रोकचं असल्यासारखं चालतं, एक फेरी पेटते, एक-दोन कोऱ्या जातात. तुमचं भक् भक् भक् म्हणजे अगदी हेच. खडखडही यातच आली, डिले लांबला की बरंच डिझेल साठून एकदम पेटतं आणि दाब भस्सकन चढतो.

म्हणजे पहिला पेट घेणं एक आणि तो टिकवणं दुसरं. पिस्टनचा माथा आणि चेंबर थोडे तापेपर्यंत कुणीतरी हात धरावा लागतो, आणि तेच काम आफ्टरग्लोचं. स्टार्ट झाल्यावरही प्लग चालू राहतो, काही गाड्यांत तीन मिनिटांपर्यंत. थंडीत इंजेक्शन थोडं आधी करायची सोयही याचसाठी, तुमच्या रोटरी पंपावर कोल्ड स्टार्ट ॲडव्हान्स असेल.

पहाटवारा
मीनलताई, हे वाचून अंगावर काटा आला, कारण आज सकाळी कान देऊन ऐकलं तर खरंच एक सोडून एक दणका आहे!

कुतूहल
मग कंपन्या दाब अजून का वाढवत नाहीत? पंचवीस, तीस पट?

अक्षांश
उलट कमी करत आणलाय. दाब जास्त म्हणजे घर्षण जास्त, भाग जड, आणि ज्वलन जास्त तापलं की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. माझदानं २०१२ च्या सुमारास १४ पटीचं डिझेल आणलं. ते थंडीत टिकावं म्हणून सिरॅमिक ग्लो प्लग तर आहेतच, शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आत हवा घेताना थोडा उघडतात, म्हणजे बाहेर गेलेला गरम गॅस परत आत ओढला जातो. एक फेरी पेटली की तिचीच ऊब पुढच्या फेरीला.

नाना_फिटर
हे वाचून आमचं एका सिलिंडरचं हँडलचं इंजिन आठवलं. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि दाब होत नाही. मग हँडल फिरवत फ्लायव्हीलला वेग द्यायचा, नोझलचा कुर्र कुर्र आवाज कानावर आला की डिझेल पोचलं. फ्लायव्हील ऐन भरात आलं की लिव्हर खाली टाकायचा. एक फूस, आणि मग धड्! हिवाळ्यात वडील इनलेटमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचे, रिंगांच्या फटी बुजतात, दाब वाढतो. आणि अंगठा हँडलच्या पलीकडून कधी गुंडाळायचा नाही, चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून सुटतं, अंगठा मोडत नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, वडिलांच्या चापटीनं शिकवलं.

गोगलगाय
नाना, काय सुंदर लिहिलंत. अवांतर: जर्मनीत लान्झ बुलडॉग नावाचा ट्रॅक्टर होता, १९२१ पासूनचा, त्याला पुढून ब्लोलॅम्पनं डोकं तापवायचे आणि स्टिअरिंग काढून तेच हँडल म्हणून वापरायचे. इंग्लंडच्या फील्ड मार्शलमध्ये तर धुमसता कागद आत घालायचे, आणि हँडल जमत नसेल तर बंदुकीच्या काडतुसासारखं काडतूस फोडून पिस्टन ढकलायचे.

स्पॅनर१७
काडतूस! शेजारपाजारचे पण वेळेवर उठत असतील.

गोगलगाय
:) आता मूळ प्रश्नाकडे. पहिला प्रतिसाद परत वाचला आणि एका वाक्यावर अडले. पहाटवारा म्हणतात, इंजिनानं पकडल्यावर चावी सोडली की वेटोळं परत लागतं आणि ते आफ्टरग्लो असेल. आफ्टरग्लोला सहसा दिवा लागत नाही. दिवा ‘थांबा’ सांगायला असतो, एकदा विझला की प्लग चालू असले तरी तो बंदच. तो परत लागतोय म्हणजे ग्लो प्लगच्या टायमरला वाटतंय की चावी आत्ताच ऑन झाली. म्हणजे क्रँक करताना त्याची वीज तुटतेय. आणि चावीचा स्विच पावसाळ्यात बदललाय!

नाना_फिटर
शाब्बास. आमच्या नजरेतून निसटलं. पहाटवारा, टेस्ट लॅम्पची पिन प्लगांवरच्या पट्टीला लावा, चिमटा बॉडीला, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. क्रँक करताना बल्ब मंद होईल ते ठीक, विझता कामा नये.

पहाटवारा
मंडळी, सापडलं!! सकाळी बायकोला चावीवर बसवलं, मी बॉनेटखाली. चावी ऑन, बल्ब लख्ख. स्टार्टर मारला आणि बल्ब ठार विझला. सोडला, परत लख्ख. चार वेळा बघितलं, चारही वेळा तसंच.

डॅशखाली वाकून बघितलं. स्विच बदलताना मेकॅनिकनं ग्लो टायमरची वायर इग्निशनच्या ऐवजी ॲक्सेसरीच्या पॉइंटला जोडली होती, जिथे रेडिओ असतो. आणि ॲक्सेसरी क्रँकला बंदच होते, सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून. म्हणजे मी चार-पाच सेकंद स्टार्टर मारायचो तेवढ्यात प्लग गार होत जायचे, उरलेल्या उबेवर एखादं सिलिंडर पकडायचं, चावी सोडल्यावर प्लग पहिल्यापासून तापायला लागायचे आणि ते लाल होईपर्यंत इंजिन विझलेलं. तिसऱ्या वेळी लागायचं कारण तोवर चेंबरच तापलेलं. थंडी पडेपर्यंत काही जाणवलं नाही कारण तेव्हा तेवढी गरजच नव्हती.

मीनल_क
किती छान! आणि चारही प्लग मीटरवर चांगले दिसले याचं कारणही हेच, प्लग चांगलेच होते. ओहम बघून प्लग जिवंत आहे एवढं कळतं, त्याला वेळेवर वीज मिळतेय का ते नाही कळत. दिव्याचंही तसंच, बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नुसता टायमरवर चालतो, चारही प्लग मेलेले असले तरी वेळेवर लागेल आणि वेळेवर विझेल.

कुतूहल
वायर बदलली का मग? उद्याचं तापमान सांगा!

पहाटवारा
बदलली. आज सकाळी ५ डिग्री होतं. वेटोळं विझलं, स्टार्टर, दोन सेकंदांत चारही सिलिंडर. थोडा धूर आला, अर्ध्या मिनिटात गेला. वेटोळं परत लागलं नाही. बॉनेट उघडून उभा राहिलो होतो, दीड-पावणेदोन मिनिटांनी रिले टक् करून सुटला आणि इंजिनाच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही. गोगलगाय, नाना, मीनलताई, स्पॅनर, अक्षांश, सगळ्यांचे मनापासून आभार.

रानवाटा
मी पण बल्ब लावला काल. माझी वायर बरोबर निघाली, क्रँकला बल्ब विझत नाही. मग पट्टी काढून बल्बचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि पिन एकेका प्लगला टेकवत गेलो, दोन आणि तीन नंबरला बल्ब लागतच नाही. दोन्ही मेलेत. नाना, तीन नंबरचा आटा गच्च बसलाय, जोर लावायला भीती वाटते. कसा काढू?

नाना_फिटर
थांब, गार इंजिनावर हात लावू नकोस, हेडमध्ये मोडला तर हेड उतरवावं लागेल. आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल बुडाशी सोड, दुसऱ्या दिवशी गाडी चालवून इंजिन चांगलं तापव आणि गरम असतानाच लहान पान्यानं पाव आटा सोड, पाव आटा आवळ, परत सोड. करकर वाजलं की थांब, परत ऑइल. घाई करू नकोस, मला एकदा एका प्लगला अख्खी दुपार लागली होती.